उन्हाळी युवा सेवा शिबिरात कार्यकर्ती म्हणून जायचे आहे, अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे

रंगावलीकाठ

सर्वांना ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

मी नवापूर तालुक्यातील एका मंडळीची (चर्चची) सभासद असून यंदा बी.एड.चे शेवटचे वर्ष पूर्ण करीत आहे. येत्या मे महिन्यात आमच्या भागातील तरुण संघांनी मिळून उन्हाळी सेवा शिबिर ठरविले आहे. पहिला आठवडा सर्व तरुण-तरुणी एकत्र राहून प्रशिक्षण घेतील आणि त्यानंतर लहान तुकड्या करून अक्कलकुवा, धडगाव आणि साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातील गावांत मुलांचे सुट्टीतील पवित्र शास्त्र वर्ग, म्हणजे आपले व्हीबीएस, घेतील. शिबिरार्थी म्हणून मी याआधी जाऊन आले आहे. या वेळी मात्र पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) मुलींच्या एका तुकडीची जबाबदारी माझ्यावर सोपवायचे मनात आणले असून मला प्रार्थनापूर्वक विचार करण्यास सांगितले आहे.

घरी दोन्ही बाजूंनी बोलणे चालू आहे. आई म्हणते, मे महिना लग्नसराईचा, घरात कामाला माणूस हवे. वडिलांना वाटते की शिक्षण संपताच नोकरीच्या अर्जांमागे लागावे, बिनपगारी महिना घालवू नये. त्यांची काळजी मला समजते, म्हणूनच नुसत्या उत्साहाने हो म्हणण्याआधी येथे विचारत आहे. कार्यकर्त्याचे काम नेमके कोणते असते? खर्चाची व्यवस्था कशी करावी? आणि आपण काही दिवस एखाद्या गावात राहून आल्याने त्या गावाच्या पदरात खरोखर काही पडते का?

सातपुड्याची_वाट

ताई, सलाम. तुम्ही विचारून मग निर्णय घेत आहात, हे फार चांगले केले.

शिबिरार्थी म्हणून जे दिसते ते गाणी, कृतीगीते, गोष्ट, पाठांतर वचन आणि शेवटच्या दिवशीचा कार्यक्रम. गावातला वर्ग ऊन चढण्यापूर्वी सकाळी दोन-तीन तास चालतो. उरलेला संपूर्ण दिवस कार्यकर्त्याचा असतो, आणि खरे काम तेथेच आहे. पाणी कोठून आणायचे, शिधा किती उरला आहे, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, कोणत्या मुलीने दोन दिवसांत घरी फोन केलेला नाही, रात्री बाहेर जाताना सोबत कोण असेल, याची सर्व जबाबदारी तुमच्यावर असते. व्यासपीठावर उभे राहण्याची संधी कार्यकर्त्याला कमीच मिळते, कारण गोष्ट सांगायला आणि साक्ष द्यायला (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला) तरुणांनाच पुढे करायचे असते.

एक प्रसंग सांगतो. अक्कलकुव्याकडील एका पाड्यावर आमची तुकडी उतरली होती. तुकडीतील नंदुरबार शहरात वाढलेली एक मुलगी दुसऱ्या दिवसापासून जेवेनाशी झाली. ज्या आजींकडे मुली राहत होत्या त्या चुलीपुढे बसून मातीच्या तव्यावर नागलीची भाकरी भाजत होत्या आणि दर भाकरीला तिच्या ताटाकडे पाहत होत्या. आपले अन्न या पोरीला चालत नाही, असा त्यांचा समज झाला होता. आमच्या कार्यकर्त्या ताईंनी त्या मुलीला काहीही न बोलता चुलीजवळ बसवले, पिठाचा गोळा तिच्या हातात दिला आणि आजींना तिला शिकवायला सांगितले. पहिली भाकरी थापतानाच तुटली, दुसरी वेडीवाकडी झाली, आणि ती वेडीवाकडी भाकरी आजींनी मिरचीच्या ठेच्याबरोबर स्वतः खाल्ली. त्यानंतर ती मुलगी जेवू लागली. त्या संध्याकाळी वचनाचा एकही शब्द बोलला गेला नाही, तरी त्या तुकडीने केलेली सर्वांत मोठी सेवा मी तीच मानतो.

भाषेकडे विशेष लक्ष द्या. तुमच्या नवापुरात मावची चालते, परंतु धडगावकडे गेल्यावर पावरी ऐकू येते, अक्कलकुव्याकडे भिलीचे निराळे वळण आहे आणि साक्रीच्या पश्चिमेला मावचीबरोबर कोकणीही आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना शाळेतले मराठी नुकतेच कळू लागलेले असते. अशा मुलांपुढे छापील पुस्तकातील मराठी वाचून दाखविल्यास ती माना डोलावतात आणि आपणाला वाटते की त्यांना समजले. त्यापेक्षा गावातील आठवी-नववीच्या एखाद्या मुलीला आदल्या संध्याकाळी गोष्ट सांगावी आणि सकाळी तिनेच ती आपल्या बोलीत मुलांना सांगावी. आपण निघून आल्यावरही ती मुलगी त्या गावातच असते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांना दोघादोघांनी पाठविताना, ज्या घरी उतराल तेथेच गाव सोडीपर्यंत राहा, असे सांगितले आहे. हा नियम आमच्याकडे कसोशीने पाळला जातो. पहिल्या घरापेक्षा दुसऱ्या घरी पंखा आहे म्हणून तुकडी हलली, तर पहिल्या घराचा जो अपमान होतो तो गाव वर्षानुवर्षे विसरत नाही.

ग्रंथालय_धुळे

थोडी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे आपण करीत असलेले काम कोणत्या परंपरेतले आहे हे ध्यानी येईल.

सुट्टीतील शास्त्रवर्गांची संघटित सुरुवात १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट बोव्हिल यांनी केली. शाळा बंद असताना दाट वस्तीतील मुले दिवसभर रस्त्यावर असत, त्यांच्यासाठी ती सोय होती. तरुणांना सुट्टीत सेवाकार्यासाठी बाहेर नेण्याची रीत मात्र पुढची आहे. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर हा विद्यार्थी दोन मित्रांसह सुट्टीत मेक्सिकोला ख्रिस्ती साहित्य वाटण्यास गेला आणि त्यातून पुढे ऑपरेशन मोबिलायझेशन ही संस्था वाढली. यूथ विथ अ मिशन या संस्थेने १९६४ च्या उन्हाळ्यात तरुणांची मोठी तुकडी बहामा बेटांवर नेली. १९७० साली अमेरिकेत टीन मिशन्स ही संस्था सुरू झाली. तिच्या पद्धतीत किशोरवयीन मुलांना आधी तंबूंत ठेवून वीटकाम, सुतारकाम आणि शिस्त शिकवितात व मगच देशोदेशी पाठवितात. आपल्या शिबिरातील पहिल्या आठवड्याच्या प्रशिक्षणामागची कल्पना हीच आहे.

आपल्याकडील जुनी रीत मात्र निराळी होती. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे आणि स्वीडिश मिशनरी आले, तर भुसावळ-चाळीसगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम होते. त्या काळी गावोगावचा दौरा हिवाळ्यात होई. बैलगाड्या, तंबू आणि सोबत देशी सेवक असा तो लवाजमा असे. आपण मे महिन्यात जातो ते केवळ महाविद्यालयांना तेव्हा सुट्टी असते म्हणून. गावाच्या सोयीचा महिना कोणता, हा विचार त्यात मागे पडला आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आरोग्यसेविका_खानदेश

वरील प्रतिसादातील शेवटचा मुद्दा पुढे नेते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि तापीकाठची गावेही काही कमी तापत नाहीत. म्हणून सकाळी दहानंतर उघड्यावर कोणताही कार्यक्रम ठेवू नये, खेळ तर मुळीच नाही. तुकडीजवळ ओआरएसची पाकिटे असावीत. ती संपल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवे. साप चावल्यास घट्ट बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. चावलेला अवयव हलू न देता १०८ ची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन गाठावे, आणि प्रतिसर्पविष लस जेथे उपलब्ध आहे असे रुग्णालय कोणते, हे गावात उतरण्याच्या दिवशीच विचारून ठेवावे. विंचवाचा दंशही किरकोळ समजू नये. लहान मुलाला दंशानंतर दरदरून घाम येणे, उलट्या होणे, हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते हे दाखवून दिले, परंतु ते डॉक्टरांनीच द्यायचे असते, आपले काम वेळेत पोहोचविण्याचे.

आता ज्या गोष्टीकडे शिबिरांत सर्वांत कमी लक्ष दिले जाते त्याविषयी लिहिते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा, मावची समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो आणि आपले बहुतेक शिबिरार्थी याच समाजांतील आहेत. रक्ततपासणीत एएस असलेली व्यक्ती वाहक असते आणि सहसा सर्वांसारखीच वावरते. एसएस असलेल्या व्यक्तीला मात्र आजार असतो. शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम, जंतुसंसर्ग, अचानक गार पाण्याची अंघोळ, यांपैकी कशानेही तिला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. उन्हातली पायपीट, रात्रीचे जागरण आणि पहाटे ओढ्यावरची अंघोळ हा शिबिराचा नेहमीचा क्रम पाहिलात, तर धोका कोठे आहे ते कळेल.

म्हणून प्रवेशअर्जात सिकलसेलचा स्पष्ट प्रश्न असावा आणि पालकांच्या समोर बसून तो विचारावा. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून गावोगावी तपासण्या झाल्या आहेत व कार्डेही दिली गेली आहेत. कार्ड असल्यास त्याचा फोटो कार्यकर्त्याच्या फोनमध्ये ठेवावा. हायड्रॉक्सियुरिया किंवा फॉलिक अॅसिड चालू असल्यास तितक्या दिवसांच्या गोळ्या सोबत आल्या आहेत का, हे निघण्यापूर्वी मोजून पाहावे. कित्येक घरांत हा आजार लग्नाच्या बोलण्यात अडचण होईल म्हणून लपविला जातो. अर्जावरील उत्तर तुमच्याखेरीज कोणाच्याही नजरेस पडणार नाही, हा शब्द आधी द्या आणि तो शेवटपर्यंत पाळा.

पाड्यावरचा_सेवक

मी धडगाव तालुक्यातील एका लहान मंडळीची देखरेख करतो. येथील प्रतिसाद वाचून आनंद झाला, तरी ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी मला मोकळेपणाने बोलायचे आहे.

आमच्याकडे मे महिना आमचूरचा असतो. झाडावरच्या कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या आणि पाऊस येण्याआधी वाळवायच्या, यात घरातील सहा वर्षांच्या पोरापासून आजीपर्यंत सर्व गुंतलेले असतात, कारण त्या पैशावर बियाणे येते. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली कुटुंबे नुकतीच परत आलेली असतात, त्यांच्या घराची डागडुजीही याच दिवसांत होते. अशा वेळी तुकडी येते, रंगीत फलक लागतात, मुले गोळा होतात. मुलांना आनंद होतो, हे मी नाकारत नाही. पण तुकडी परत गेल्यावर अहवालात गावांची आणि मुलांची संख्या लिहिली जाते, आणि जून महिन्यात त्या मुलांपैकी कोण शाळेत परतले व कोण गुरे राखायला राहिले, हे आम्हाला कोणी विचारीत नाही. एका वर्षी आलेली तुकडी दुसऱ्या वर्षी दुसऱ्या गावी जाते. मुलांनी ज्या ताईंची नावे वर्षभर लक्षात ठेवलेली असतात त्या पुन्हा दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट. बाहेरची गाडी येऊन मुलांना जमवते, याकडे आजकाल गावात संशयाने पाहिले जाते. तुकडी चार दिवसांनी निघून जाते, त्यानंतरच्या प्रश्नांना आम्हालाच तोंड द्यावे लागते. म्हणून माझी विनंती आहे की आमच्या मंडळीतील कुटुंबांच्याच मुलांचा वर्ग घ्यावा, आईवडिलांची लेखी संमती असावी आणि सरपंच व पोलीस पाटील यांना आम्हाला बरोबर घेऊन आधी भेटावे. सरकारी आश्रमशाळेची खोली रिकामी आहे म्हणून मागू नये. सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २८ सांगतो आणि आपण त्याचा मान राखला पाहिजे.

सातपुड्याची_वाट

भाऊ, तुमचे लिहिणे मनाला लागले आणि त्यातील बहुतेक भाग मला मान्य आहे. एका बाबतीत मात्र माझे मत निराळे आहे. अल्प काळ येणाऱ्या तुकडीचा लाभ गावाला थोडा आणि तुकडीतील तरुणांना अधिक होतो, हे खरे आहे. पण आमच्याकडे गावोगावी आज जे तरुण शब्बाथ शाळा (मुलांचे रविवारचे शास्त्रवर्ग) चालवीत आहेत, त्यांपैकी कितीतरी जण अशाच तुकड्यांतून तयार झाले. तेव्हा तुकड्या थांबविणे हा उपाय मला पटत नाही. तीच तुकडी त्याच गावी दरवर्षी जावी आणि कोणत्या दिवसांत यावे हे गावच्या मंडळीने ठरवावे, ही मागणी मात्र मी आमच्या समितीपुढे ठेवणार आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी आणि मुले मामाच्या गावी जातात, तो आठवडा आम्ही आधीपासून सोडतोच, तसाच आमचूरचा हंगामही पाहायला हवा. दिवाळीच्या सुट्टीचा विचार होऊ शकेल, पण तेव्हा ऊसतोडीची कुटुंबे मुलांसह निघू लागतात, ही अडचण आहे.

पाड्यावरचा_सेवक

दिवाळीला आमची निम्मी मुले नसतील. जून उजाडण्यापूर्वीचा आठवडा बरा, आमचूर तोपर्यंत आटोपते. आणि वर्ग संध्याकाळी घेतला तर कामाचा खोळंबा होणार नाही.

एक_पालक_नंदुरबार

माझी मुलगी गेल्या वर्षी शिबिराला गेली होती. ताई, तुम्ही मुलींची जबाबदारी घेणार आहात, म्हणून पालकांच्या मनात काय असते ते सांगतो.

शिबिरात अठरा वर्षांखालील मुले-मुली असणार. बाललैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा सांगतो की असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल, त्याने ते पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मंडळीचे नाव खराब होईल, आपसांत मिटवून घेऊ, पाळकसाहेबांना सांगितले म्हणजे झाले, असे म्हणण्यास त्यात जागा नाही. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक प्रत्येक शिबिरार्थीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून द्यावा. कोणत्याही मोठ्या माणसाने एकट्या मुलाला किंवा मुलीला आडबाजूला नेऊन प्रार्थना वा समुपदेशन करू नये, ते इतरांच्या नजरेसमोर व्हावे. मुली जेथे निजतील तेथे महिला कार्यकर्त्या असाव्यात. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय कोठेही टाकू नयेत. हे नियम ज्या शिबिरात लेखी नसतील, तेथे ते लेखी करून घेणे हे तुमचे पहिले काम आहे. समिती टाळाटाळ करू लागली तर जबाबदारी स्वीकारू नका, असे मी एका मुलीचा बाप म्हणून सांगतो.

तरुण_संघ_खजिनदार

पैशाविषयी कोणीच लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

पाश्चात्त्य संस्थांत कार्यकर्त्याने स्वतःचा खर्च मित्र-नातेवाइकांकडून उभा करायचा असतो. आपल्याकडे मंडळीने पाठवायचे आणि मंडळीनेच पोसायचे, ही पद्धत मला अधिक योग्य वाटते. मिझोराममध्ये १९१० पासून स्त्रिया रोजच्या स्वयंपाकाच्या तांदळातून मूठभर तांदूळ बाजूला ठेवतात आणि त्यातून मिशनकार्य चालते. आपल्या महिला मंडळाला तुरीची डाळ आणि ज्वारी अशाच रीतीने जमविता येईल. शिधा घरातून आला की रोख रक्कम फक्त प्रवास आणि औषधांसाठी लागते. तुम्ही नोकरी नसलेल्या विद्यार्थिनी आहात, तेव्हा प्रवासखर्च समितीकडे मागण्यात संकोच करू नका. मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती द्या आणि शिबिर संपताच हिशेब मंडळीपुढे वाचून दाखवा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. परदेशातील एखाद्या हितचिंतकाने शिबिरासाठी तुमच्या खात्यावर पैसे पाठवितो म्हटले, तर नम्रपणे नकार द्या. परदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० नुसार अशा कामासाठी परदेशी निधी केवळ नोंदणीकृत किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, आणि तोही दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच, घेता येतो.

रंगावलीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद घरी वाचून दाखविले. वडिलांनी सुरक्षेचे नियम लेखी आहेत का हे स्वतः पाळकसाहेबांना विचारले, आणि ते समितीकडून मागवून घेतल्यावर मला जाण्यास अनुमती दिली. नोकरीचे अर्ज एप्रिलमध्येच भरून टाकायचे, असे आमचे ठरले आहे. सेवकभाऊंचे म्हणणे मी समितीच्या बैठकीत मांडले. धडगावची तुकडी मेच्या अखेरीस जाईल आणि तिचे वर्ग संध्याकाळी होतील, हे मान्य झाले. तीच तुकडी पुढील वर्षीही तेथेच पाठवावी, यावर मात्र अद्याप एकमत नाही. मी स्वतः पुढील वर्षी त्याच गावी जाण्याची तयारी लेखी दिली आहे.

आता एक नवीन प्रश्न उभा राहिला आहे. आरोग्यसेविका ताईंनी सांगितल्याप्रमाणे अर्जाच्या वेळी पालकांना समोर बसवून विचारले, तेव्हा माझ्या तुकडीतील एका मुलीचा अहवाल एसएस असल्याचे तिच्या आईने सांगितले. मुलगी सतरा वर्षांची आहे, गोष्ट सांगण्यात सर्वांत हुशार आहे आणि तिला येण्याची फार इच्छा आहे. तिला नेणे योग्य होईल का? नाही म्हटले तर पुन्हा कोणी खरे सांगणार नाही, अशी भीती वाटते.

आरोग्यसेविका_खानदेश

आईने खरे सांगितले याचे मोल मोठे आहे, म्हणून सरसकट नकार देऊ नका. निर्णय मात्र तुम्ही किंवा मी घ्यायचा नाही. निघण्यापूर्वीच्या पंधरवड्यात मुलीने आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि शिबिरात कोणती कामे करावयाची आहेत हे सांगून त्यांचे लेखी मत आणावे. गेल्या काही महिन्यांत रुग्णालयात भरती व्हावे लागले असेल किंवा रक्त चढवावे लागले असेल, तर तेही त्यांना आठवणीने सांगावे.

त्यांनी परवानगी दिली, तरी तिला धडगावच्या डोंगराळ गावांत नेऊ नका. शक्य असल्यास नवापूर तालुक्यातच एक तुकडी ठेवून तिला तीत घ्या. तेथून चिंचपाड्याचे ख्रिश्चन रुग्णालय जवळ पडते आणि डांबरी रस्त्याला लागूनच गाव निवडता येते. पाण्याची बाटली तिच्या हाताशी सतत भरलेली राहील, याची जबाबदारी तुकडीतील एका मैत्रिणीवर तिच्या संमतीने सोपवा. अंघोळीला कोमट पाणी द्या. सामान उचलणे आणि दुपारची चाल तिच्याकडे नसावी, गोष्ट सांगणे खुशाल असावे. ताप आला, छातीत दुखू लागले, धाप लागली किंवा पोटात डाव्या बाजूला जडपणा वाटला, तर सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात न्यावे. त्यासाठी वाहन कोणाचे, चालक कोण आणि त्याचा फोन नंबर काय, हे गावात उतरण्याच्या दिवशीच लिहून ठेवा, आणि तोच कागद तिच्या आईकडेही द्या.